मुलांची शी घट्ट होणे : पावडर महिनोन्महिने द्यायची का? (मोठ्यांनीही आपापलं लिहा)

ओवीची_आई
विषय जरा तसला आहे, जेवता जेवता वाचू नका, आधीच सांगते.

लेक साडेचार वर्षांची. गेले काही महिने चार-चार दिवस शी होत नाही आणि होते तेव्हा एवढी मोठी नि कडक की रडून घर डोक्यावर घेते, मागच्या आठवड्यात रक्ताचा थेंबही दिसला. आली तरी सांगत नाही. दारामागे जाऊन टाचा उचलून, पाय एकमेकांत अडकवून ताठ उभी राहते, तोंड लालबुंद. विचारलं तर "नाही आली". आणि मधेच चड्डीला पातळ पातळ डाग. सासूबाईंचं म्हणणं हे जुलाब आहेत, डाळिंबाचा रस आणि मऊ भात द्या. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, म्हणाले आत साठून राहिलंय, आणि पाण्यात घालून द्यायची एक पावडर दिलीये, ती काही महिने चालू ठेवायची म्हणे.

आता घरात तीन पक्ष. सासूबाई: औषधाची सवय लागेल, दर रविवारी एरंडेल द्या. नवरा: पावडर बंद, नुसतं फायबर वाढवू. मी: आधी दुखणं थांबू दे. कोणी इतके महिने दिलीय का अशी पावडर? सवय लागते का?

टवाळ
शीर्षक वाचून चहा बाजूला ठेवला. आता चहाशिवाय माझी कशी होणार.

सुगरण_स्मिता
अगं काळ्या मनुका रात्री भिजत घाल आणि सकाळी कुस्करून त्या पाण्यासकट दे. पेरू, पपई, चिकू. ज्वारीची भाकरी तुपाशी. मैद्याची बिस्किटं नि नूडल्स बंद कर. आमच्याकडे एवढ्यावर भागलं.

नानाकाका_सातारा
आमच्या लहानपणी रविवारी सकाळी आजी ओळीने उभं करायची, एका हाताने नाक धरायचं, दुसऱ्या हाताने एरंडेलाचा चमचा, वर सुंठीचा कढत काढा. पळून जाणाऱ्याला दुप्पट. दुपारपर्यंत अंगणातल्या एकुलत्या एक संडासापुढे रांग. मेलो नाही कोणी. आताच्या पोरांचे फार लाड.

टवाळ
काका, रविवार सुट्टीचा दिवस ना हो, तोही असा वाहून घालवायचा?

अर्धवट
मला वैयक्तिक ही महिनोन्महिने केमिकल देणं पटत नाही. माझ्या भाच्याचं नुसतं दूध कमी केलं नि प्रश्न सुटला. बाटलीने लिटरभर दूध प्यायचा तो दिवसाला, मग जेवणार कुठून. डॉक्टरांना एक कारण पुरतं औषध लिहायला.

डॉ_कैरी
मी बालरोगतज्ज्ञ, ओपीडीतल्या रोजच्या गोष्टीवर इथेही लिहावं लागणार तर. तुमच्या मुलीला तपासलेलं नाही त्यामुळे डोसबद्दल काही बोलणार नाही, तो वजनावर ठरतो. बाकी सांगतो.

ओवीची आई, तुम्ही जे वर्णन केलंय ना, टाचा वर, पाय आवळलेले, कोपऱ्यात लपणं, ते जोर लावणं नाही. ती शी परत आत ढकलतेय. कधीतरी एकदा घट्ट होऊन दुखलेलं असतं, तापानंतर, प्रवासात, शाळा सुरू झाल्यावर किंवा डायपर सोडवायच्या घाईत, आणि पोर मनाशी ठरवतं की हे परत नको. मोठ्या आतड्याचं कामच पाणी शोषायचं. जितकी थांबेल तितकी ती कोरडी नि मोठी होते, मग बाहेर येताना भेग पडते (तो रक्ताचा थेंब बहुतेक त्याचाच), मग अजून भीती, अजून दाबून धरणं. असं चालू राहिलं की गुदाशय ताणून मोठा होतो आणि 'आली' ही जाणीवच बोथट होते. साठलेल्या गोळ्याच्या कडेने वरची पातळ शी झिरपत राहते, तेच ते डाग. मुलीला ते कळतसुद्धा नाही, म्हणून त्यावरून रागावू नका. आणि जुलाब समजून ते थांबवायचं औषध तर अजिबात देऊ नका, डॉक्टरांनी पोट दाबून नेमकं ओळखलंय.

आता पावडर. वर्णनावरून पॉलिइथिलीन ग्लायकॉल असावी, पाकिटावर वाचा. ती शरीरात जवळजवळ शोषलीच जात नाही, पाणी धरून ठेवते आणि शी मऊ ठेवते, बस. आतड्याला चाबूक मारत नाही, त्यामुळे तिची सवय लागत नाही. महिनोन्महिने का, तर ताणलेला गुदाशय पूर्वपदावर यायला आणि त्याहून जास्त म्हणजे मुलीच्या मनातली भीती जायला वेळ लागतो. सर्वसाधारण पद्धत अशी की निदान दोनेक महिने चालू ठेवायची, सगळं सुरळीत होऊन महिना गेला की मग हळूहळू कमी करायची. चार दिवस बरं वाटलं म्हणून पालक परस्पर थांबवतात आणि महिन्याभरात परत माझ्याच दारात.

अर्धवट, दुधाचं बरोबर आहे. या वयाला दिवसाला अर्धा लिटरच्या आत पुरे. काही मुलांना गाईच्या दुधातल्या प्रथिनाचीच ॲलर्जी असते, तिथे दूध बंद केल्यावर खरंच फरक पडतो. पण भाच्याचं दूध कमी केलं तेव्हा तो दाबून धरत होता का? नसेल तर ती केस वेगळी.

ओवीची_आई
डॉक्टर खूप खूप आभार. "आत ढकलतेय" हे वाचून नवऱ्याला फोन दिला, तो दोनदा वाचून गप्प बसलाय. पाकिटावर तेच नाव आहे.

लीड्सकर
आमच्या मुलाचं इथे हुबेहूब हेच. इकडे ब्रिटनमध्ये नाइस (उपचारांच्या सूचना ठरवणारी सरकारी संस्था) च्या २०१० पासूनच्या मार्गदर्शक सूचनांत मुलांसाठी पहिलं औषध म्हणून हीच पावडर आहे, इथे तिला मॅक्रोगॉल म्हणतात. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. साठलेलं जास्त असेल तर सुरुवातीला डॉक्टर रोज डोस चढवत नेतात, आतलं सगळं निघेपर्यंत. त्या दिवसांत डाग वाढतात, पातळ होते, घरभर धुणं. तिथेच बरेच जण घाबरून थांबवतात. शनिवार-रविवार धरून सुरू करा, शाळेच्या दिवशी नको.

आणि पायाखाली काहीतरी हवं. कमोडवर पोरांचे पाय लोंबकळतात, मग जोर कसा लागणार. इथे प्लास्टिकचं स्टूल मिळतं, मी मुंबईहून आणलेला जेवायचा पाट ठेवलाय. आईने व्हिडिओ कॉलवर बघितला, आठवडाभर बोलली नाही.

टवाळ
पाटावरचं पान असं कुठे जाऊन पोचलं.

चिंगी
भारतीय संडास बेस्ट हो. गावाला गेलो की घरातल्या सगळ्यांचं पोट साफ, मुंबईत आलं की परत तेच. कमोड काढून टाकावासा वाटतो पण गुडघे म्हणतात नको.

रेवती_प
+१ चिंगी. कुठेतरी वाचलेलं की उकिडवं बसल्यावर आतला रस्ता सरळ होतो, खुर्चीसारखं बसलं की वाकडा राहतो. डॉक्टर खरं का हे?

डॉ_कैरी
खरंय. गुदाशयाला मागून एक स्नायू वेढा घालून पुढे ओढून धरतो, त्यामुळे तिथे कोन तयार होतो, एरवी गळू नये म्हणून. उकिडवं बसलं की तो सैल पडतो आणि कोन उघडतो. कमोडवर पाट ठेवून गुडघे कमरेच्या वर आले आणि जरा पुढे वाकलं की बऱ्यापैकी तेच साधतं. गुडघे वाचवा, पाट घ्या.

वैद्य_जुई
एरंडेलावर लिहायला आलेय. सासूबाई पूर्ण चुकीच्या नाहीत, एरंडस्नेह आयुर्वेदात आहेच, गंधर्वहरीतकीत हिरडा एरंडेलातच परततात. पण ते विरेचन आहे, म्हणजे जुलाब करवून पोट साफ करायचा उपचार, कोठा बघून, वय-बळ बघून, एकदा. दर रविवारी सरसकट सगळ्या पोरांना ही आपली घरगुती परंपरा, ग्रंथातली नाही. पोटात मुरडा येतो, आणि आधीच 'दुखेल' या भीतीने दाबून धरणाऱ्या मुलीला मुरडा आणून काय साधणार? गरोदर बाईने तर एरंडेल घेऊच नये.

बाकी डॉ. कैरींनी जे सांगितलं त्याचं मूळ आमच्याकडे फार जुनं आहे. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या ७व्या अध्यायात अडवू नयेत असे १३ वेग दिलेत, त्यात मलाचा वेग आहे. आता शाळेच्या बाथरूममध्ये कडी नसेल, पाणी नसेल, मॅडम मधल्या सुट्टीशिवाय सोडत नसतील तर पोर वेग अडवणार नाही तर काय करणार.

कोकणी_मेवा
शाळेचं अगदी अगदी! माझी मुलगी पाणीच प्यायची नाही शाळेत, जायला लागू नये म्हणून. बाटली जशीच्या तशी परत. तिला लघवीचं इन्फेक्शन झालं तेव्हा डॉक्टरांनी पहिलं विचारलं, शी रोज होते का. मला कळेना यांना शीचं काय पडलंय. तर म्हणे भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं, लघवी पूर्ण होत नाही. बद्धकोष्ठाचं औषध सुरू केलं तसं रात्री गादी ओली करणंही कमी झालं.

अर्धवट
बरं भाचा दाबून धरायचा नाही, हे बहिणीला विचारून आलो. ती केस वेगळी मान्य. पण फायबरने काय वाईट होणार हो? ओवीच्या बाबांची बाजू कोणीच घेत नाहीये म्हणून विचारतो.

लीड्सकर
आत आधीच अडकलेलं असताना कोंडा टाकला तर मागून अजून भर पडते आणि पोट फुगतं. आधी रिकामं, मग फायबर. मुलांसाठी सोपा हिशोब ऐकलाय, वय अधिक ५ इतके ग्रॅम. ओवीला १० ग्रॅमच्या आसपास, एका मध्यम पेरूत त्यातले ५ सहज येतात. ओवीचे बाबा महिन्याभराने जिंकतील, आत्ता नाही.

सुगरण_स्मिता
म्हणजे माझ्या मनुका अगदीच वाया नाही गेल्या.

नवी_मावशी
मध्येच विचारते. बहिणीचं बाळ २ महिन्यांचं, फक्त अंगावर पितंय, सहा दिवस झाले शी नाही. बाळ मजेत आहे, पीतंय, हसतंय. आजेसासूबाई विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावायचा म्हणतात, शेजारच्या काकू साबणाची चकती. आणि मधाचं बोट चाटवा म्हणे.

डॉ_कैरी
मध नको!! वर्ष पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बाळाला मध नको. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि त्या आजाराचं पहिलं लक्षण बऱ्याचदा हेच, शी बंद होणं, मग बाळ मलूल, मान टाकतं. बाळगुटी मधात उगाळतात त्यांनी हे नीट वाचा.

बाकी दीडेक महिन्यानंतर फक्त अंगावर पिणारं बाळ आठवडा-दहा दिवस शी न करता राहू शकतं. वजन वाढतंय, पोट मऊ आहे, झाली तेव्हा मऊसर झाली तर ती बद्धकोष्ठता नव्हेच. काही बाळं मऊ शीलासुद्धा लाल होऊन दहा-पंधरा मिनिटं कुंथतात, रडतात. जोर लावताना खालचा स्नायू सैल सोडायचा असतो हे त्यांना अजून जमत नसतं, आपोआप जमतं. देठ, साबण, काही नको. साबणाने आतली त्वचा सोलते. ६ महिन्यांच्या आत वरचं पाणीसुद्धा नको.

धावत डॉक्टरांकडे कधी: हिरवी उलटी आणि फुगलेलं पोट, बाळ दूध ओढत नाही, वजन वाढत नाही. आणि जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नव्हती का तेवढं बहिणीला विचारा. तसं असेल तर आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतःच मज्जापेशी नसण्याचा आजार नाही ना हे तपासतात.

नवी_मावशी
पहिली शी दवाखान्यातच झालेली, दुसऱ्या दिवशी सकाळी. वजन छान वाढतंय. धागा आजेसासूबाईंना वाचून दाखवला, त्या म्हणाल्या "डॉक्टरला स्वतःची पोरं आहेत का विचार".

डॉ_कैरी
आहेत दोन. त्यांच्या आजीनेही देठ काढून ठेवला होता.

टवाळ
ते ब्रिस्टलचं काय असतं? ऑफिसात एकाने तक्ता पाठवला आणि खाली लिहिलं "आज मी ४".

रेवती_प
ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीत बनवलेला तक्ता, १९९७ चा. ७ प्रकार आहेत. १ म्हणजे सुट्या लेंड्या, २ म्हणजे गाठींची लांबट, ३-४ छान, ७ म्हणजे नुसतं पाणी. १-२ आली की कोठा जड. मला दिवसांत असताना हा तक्ता तोंडपाठ झालेला, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि मी १ वर मुक्कामाला. शी काळी झाली म्हणून आधी घाबरले, तो लोहाचाच रंग निघाला. गोळी मनाने बंद केली नाही, डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी प्रकार बदलून दिला आणि रात्री शी मऊ करायचं औषध जोडलं.

आणि रोज झालीच पाहिजे असं काही नाही बरं का. आठवड्यातून तीनदा ते दिवसातून तीनदा, काहीही नॉर्मल असतं. रोज जाऊनही तासभर कुंथावं लागत असेल आणि अजून राहिलीय असं वाटत असेल तर ती मात्र बद्धकोष्ठताच.

नानाकाका_सातारा
मंडळी, आता माझं. लिहू की नको करत होतो. आयुष्यभर सकाळी उठलो, चहा घेतला की झालं. गेल्या काही महिन्यांपासून बिघडलंय. मित्राच्या सांगण्यावरून सोनामुखीचं चूर्ण घेतो, घेतलं की होते, नाही घेतलं की नाही. डोस वाढवावा लागतोय. इसबगोल घेऊन बघितलं, उलट घसा-छाती आवळल्यासारखी झाली. वय ६८.

वैद्य_जुई
काका, इसबगोल किती पाण्याबरोबर घेतलंत? सुकं तोंडात टाकून वर दोन घोट असं तर नाही? ते पाणी पिऊन कितीतरी पट फुगतं. मोठा पेला भरून पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर अजून एक पेला, आणि घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर घशातच फुगतं.

सोनामुखी आतड्याला ढकलते. अधूनमधून चालेल, रोजचा रतीब नको, आणि तिच्यामागे खरं कारण झाकलं जातं ते वेगळंच.

डॉ_कैरी
नानाकाका, मी पोरांचा डॉक्टर, पण हे मात्र सोडू नका. पन्नाशीनंतर सवय नव्याने बदलली तर आधी तपासायचं, मग चूर्ण. रक्त पडतं का, वजन उतरलंय का, हिमोग्लोबिन कमी आहे का, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर होता का, हे तुमच्या डॉक्टरांना सांगा, कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं बघणं) लागेल का ते ठरवतील. बहुतेकदा काही भयंकर निघत नाही पण बघायला हवं. रक्ताला मूळव्याध म्हणून परस्पर मोकळं होऊ नका.

आणि गोळ्यांची यादी घेऊन जा. कॅल्शियम, लोह, काही बीपीच्या, काही नैराश्याच्या, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, या सगळ्यांनी शी घट्ट होते. थायरॉईड आणि साखरही तपासून घ्या. आणि कधी पोट फुगून गॅससुद्धा सरेनासा झाला, उलट्या सुरू झाल्या तर चूर्ण-एनिमा काही न करता सरळ दवाखाना.

नानाकाका_सातारा
गुडघ्यासाठी ट्रामाडॉल आणि कॅल्शियम दोन्ही दिवाळीपासून सुरू आहे. हे कोणी विचारलंच नव्हतं. सोमवारी जातो. गोळ्या मनाने बंद करत नाही, काळजी नको.

टवाळ
काका, जा नक्की. तुमच्याशिवाय या धाग्याला मजा नाही. संडासात मोबाईल नेता का हो? माझ्या डॉक्टरांनी मला त्यावरून झापलंय. पाच-दहा मिनिटांत नाही झाली तर उठायचं, बसून राहिलं की मूळव्याधीला आमंत्रण.

चिंगी
हा धागा किती जण तिथेच बसून वाचतायत, हात वर करा.

अर्धवट
✋

सुगरण_स्मिता
किवीचं कोणी खाल्लंय का? भाचीने सांगितलं रोज २ हिरवी किवी.

लीड्सकर
हो, त्यावर न्यूझीलंड, इटली, जपान असा मिळून अभ्यास झालाय, मोठ्या माणसांत इसबगोलाच्या तोडीस तोड निघाली. सुकलेल्या आलुबुखाराचंही चांगलं आहे. पण तुमच्याकडे पुरंदरचे अंजीर मिळतायत तर किवीला पैसे कशाला घालवताय, मला पाठवा चार.

ओवीची_आई
अपडेट देते, बऱ्याच जणांनी खाजगी निरोपातून विचारपूस केली. पावडर चालू आहे. पहिले दिवस लीड्सकरांनी सांगितलं तसेच गेले, धुणं धुऊन कंबर मोडली, पण नंतर एकदा हिने आपणहून सांगितलं आणि रडली नाही. आता नाश्ता आणि रात्रीचं जेवण झालं की पाटावर पाय ठेवून पाच मिनिटं बसवते, झाली नाही तरी बसल्याचं स्टिकर. फुगा फुगवायला देते, त्याने पोटातून आपोआप जोर लागतो. सासूबाईंनी एरंडेलाची बाटली परत फडताळात ठेवली, पण त्यांनी सांगितलेली ज्वारीची भाकरी-तूप हिला आवडलीये ते एक झालं.

आता प्रश्न असा की आम्ही गणपतीला गावाला चाललोय दहा दिवस. तिथे पावडर बंद ठेवू का? पाहुण्यांत, प्रसादात, कसं जमणार. आता होतेय रोज.

डॉ_कैरी
बंद नको. प्रवास, परकं बाथरूम, वेळ चुकलेली जेवणं, परत दाबून धरायला याहून चांगला मुहूर्त नाही. पुरेशी बरोबर घ्या, पाण्यात विरघळते, चव फारशी नसते, सरबतातही चालते. कमी करायची वेळ तुमचे डॉक्टर सांगतील. आणि गेल्या गेल्या दिवसाउजेडी तिला तिथलं बाथरूम दाखवा, पाली-बिली आधी हाकलून.

कोकणी_मेवा
पाली आमच्या बाजूला हाकलू नका म्हणजे झालं. मोदक मात्र दोनच द्या तिला, तिसऱ्याला पेरू.